बाद ठरलेल्या नजरा

गडहिंग्लजच्या बाजारात गुरुसिद्धअप्पांच्या बियाण्याच्या दुकानावर कुणी विचारलं, "थोरली कशी हाय?" की अप्पा वजन करता करता म्हणायचे, "तापलेली हाय." त्यात तक्रार नसायची. आज ऊन आहे, असं सांगावं तसं ते सांगायचे.

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी, शिवलीला. तिचा राग भांडी आपटणारा नव्हता. ती बोलायची, आणि तिचं बोलणं पुरतं संपेपर्यंत समोरच्याला उठू द्यायची नाही. शहाण्णव साली संकेश्वरकडचे पाहुणे तिला बघायला आले. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. ती खाली मान घालून बसली होती आणि कुणाची नजर कुठून कुठे फिरते आहे हे तिला मान वर न करताच कळत होतं. मुलाचे काका म्हणाले, "मुलीला जरा चालून दाखवू दे की."

तिनं मान वर केली. "बैल घेताना चालवून बघतात, काका. दात पण बघणार काय?"

काकांच्या हातातली बशी हवेतच राहिली. अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, कपाळावर हात मारला. अप्पा पाणी आणतो म्हणून आत गेले ते हसू आवरेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. पुढची दोन स्थळं ही हकिकत ऐकून वेशीवरूनच परतली. "ह्यो ताप कुठल्या नवऱ्याला झेपायचा न्हाय," अप्पा म्हणाले, "शिकू दे तिला." मग शिवलीला कोल्हापूरला संख्याशास्त्र शिकली. राजारामपुरीतल्या एका संगणक क्लासात तिनं शिकवलं, तिथल्या मालकाशी भांडली, आणि ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात 'दृष्टिसंवाद' नावाची संस्था निघाली तेव्हा तिथे लागली.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर राजशेखर परदेशात शिकून आलेले. तिथल्या विद्यापीठानं मोडीत काढलेलं एक यंत्र त्यांनी येताना आणलं होतं. माणसानं हनुवटी एका आधारावर टेकवायची, समोरच्या पडद्यावर चित्र लागायचं आणि खालचा कॅमेरा त्याच्या बुबुळांचा माग काढायचा. नजर चित्रावर कुठे गेली, किती वेळ टेकली, तिथून कुठे उडाली, सगळं आकड्यांत उतरायचं. त्या आकड्यांचं पुन्हा चित्र करायचं काम शिवलीलाचं. नव्या माणसाला ती एसटीचं उदाहरण द्यायची. "नजर सलग जात नाही, थांबे घेत जाते. आपण फक्त थांबे बघायचे." मग पुष्कळ माणसांचे थांबे एकावर एक ठेवून ती नकाशा रंगवायची. जिथे नजरा जास्त टेकल्या तिथे लाल, त्याहून कमी तिथे पिवळा, मग हिरवा, आणि जिथे कुणी फिरकलंच नाही तिथे रंगच नाही. साबणाची वेष्टनं, शाळांच्या जाहिराती, दूध संघाची दिनदर्शिका, सगळ्यांचे नकाशे तिनं काढले. माणसं तोंडानं काहीही सांगोत, यंत्र त्यांच्या नजरेचंच सांगायचं. यंत्राच्या ह्या आडमुठेपणाचं तिला कौतुक होतं.

दोन हजार पाच साली कृष्णेला मोठा पूर आला. शिरोळकडच्या नदीकाठच्या एका गावात पाणी घरांत शिरलं, तेव्हा लोक वर माळाकडे जायचं सोडून देवळात गेले. देऊळ दगडी, उंच जोत्याचं. आजवर तिथे पाणी चढलं नव्हतं. त्या वर्षी चढलं. बाळाबाई नावाची एक बाई देवळाच्या पायरीवरून वाहून गेली. तिची थोरली जाऊ बयाबाई गावातल्या बचत गटाची प्रमुख. तिनं खांबाला धरलं होतं म्हणून ती राहिली.

पुढच्या पावसाळ्याआधी नदीकाठच्या गावांत लावायला एक फलक करायचं जिल्हा प्रशासनानं ठरवलं. काम दृष्टिसंवादकडे आलं. वरच्या भागात नदीतून उभी राहिलेली कृष्णामाई, चांगली मोठी, सोन्याचा मुकुट, हिरवी साडी, पाण्याला लागलेली पावलं. खाली देऊळ, त्यावर फुली, आणि तिथून माळावरच्या शाळेकडे जाणारा जाड बाण. "पाणी वाढलं की देवळात थांबू नका. माळावर चला." देवी ही राजशेखर सरांची कल्पना. "लोक थांबतील कशासाठी? देवीसाठी. आणि एकदा थांबले की खालचं वाचतील."

फलक छापण्याआधी त्याची परीक्षा झाली. कॉलेजातली पोरं झाली, मग नदीकाठच्या बायका एसटीनं आल्या. बयाबाई सगळ्यांच्या पुढे. दारात चप्पल काढून तिनं यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यात मान घालायची? न्हाव्याकडं आल्यागत वाटतंय की गं."

शिवलीलानं सगळ्यांना बजावून सांगितलं, "मावशी, एकच करायचं. हनुवटी अजिबात हलवायची नाही. हनुवटी हलली की यंत्राला डोळा सापडत नाही."

"न्हाय हलवत," बायका म्हणाल्या.

बघणारी बाई मधल्या काळ्या कापडी पडद्याच्या एका बाजूला, शिवलीला आपल्या संगणकासमोर दुसऱ्या बाजूला. बघणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून पडदा. आधी गावाचं चित्र लावलं, मग बाजाराचं, सगळं ठीक. मग फलक लागला, आणि बाईमागून बाई तेच होऊ लागलं. नजर आली, एकदोन थांबे झाले, आणि गायब. यंत्राला डोळाच सापडेना. फलक ठरल्याप्रमाणे थोडे सेकंद दिसून जायचा आणि तोवर नोंदीत निम्म्याहून जास्त भोक पडलेलं असायचं.

संस्थेचा नियम होता, निम्म्याहून जास्त नोंद गेली तर तो माणूस बाद. बाद झालेल्यांचे आकडे नकाशात धरायचे नाहीत. शिवलीला एकेका बाईला बाद करत गेली आणि मनातून त्यांच्यावरच चिडत गेली. इतकं सांगितलं तरी हलतात म्हणजे काय? सरांना विचारलं तर त्यांनी अहवालात घालायचं वाक्यच तोंडी सांगितलं. "ग्रामीण स्त्रियांमध्ये एकाग्रतेचा अभाव आढळला. लिही."

ते वाक्य तिला आवडलं नाही. अव्वा एका बैठकीत दिवसभराच्या भाकऱ्या थापायची, हातावरची नजर न हलवता. एकाग्रतेचा अभाव म्हणे! पण आकडे तर समोर होते. एकदा शेवटचं म्हणून तिनं बयाबाईला पुन्हा बोलावलं. हनुवटी टेकवून दिली, यंत्राचा कपाळावरचा पट्टा नीट केला, आपल्या जागी येऊन फलक लावला. नजर आली. दोन थांबे. गायब.

आता मात्र शिवलीलाचा तोल गेला. ती खुर्ची मागे ढकलून उठली आणि पडदा खस्सकन बाजूला ओढला. "मावशी, झोपलात काय?"

बयाबाई झोपली नव्हती. हनुवटी सांगितली तिथेच, केसभरसुद्धा न हलवता टेकलेली होती. टेबलाखाली दोन्ही हात जोडलेले होते. आणि डोळे मिटलेले.

"मावशी, डोळे का मिटलेत?"

बयाबाईनं आधी नमस्कार पुरता केला, मग डोळे उघडले. "मग? देवीम्होरं डोळं वटारून बसू व्हय? ती काय टीव्ही हाय?"

"पण मी सांगितलं होतं की..."

"तू हनुवटी हलवू नगं म्हणालीस. न्हाय हलवली. मान वाकवायची ती बी न्हाय वाकवली. पाप लागलं तर तुला लागंल."

"आणि खालचं? देवीच्या खाली काय होतं ते बघितलंत?"

"डोळं उघडलं तर चित्रच गेलतं. मी म्हटलं झालं दर्शन. का गं? खाली काय हुतं?"

जी बाई देवळाच्या खांबाला धरून वाचली, जिची जाऊ त्याच पायरीवरून गेली, ती विचारत होती खाली काय होतं.

तिनं बाद केलेल्या सगळ्या नोंदी परत उघडल्या. आता भोकं बघायची नव्हती, भोकाच्या आधीचं बघायचं होतं. सगळ्यांचं एकच. पहिला थांबा देवीच्या पावलांवर, दुसरा चेहऱ्यावर, आणि मग डोळे मिटलेले. पोरांची नजर सरळ चेहऱ्यावर जायची आणि मग चित्रभर हुंदडायची. बायकांची आधी पायाशी जायची, देवळात जाते तशी. यंत्र बिघडलं नव्हतं आणि बायकाही बिघडल्या नव्हत्या. त्या देवीपुढे उभ्या होत्या, आणि संगणकाला त्याचा एकच अर्थ माहीत होता: माणूस बाद.

तिनं नवा नकाशा काढला. त्यात कुणीच बाद नव्हतं. शेजारी प्रत्येक बाईची एक आडवी पट्टी काढली, डोळे उघडे तोवर पांढरी, मिटल्यावर काळी. पट्ट्या एकाखाली एक लावल्यावर त्या काळ्या भागाचा मोठा दरवाजा झाल्यासारखा दिसत होता. नकाशात पावलांवर एक लाल डाग आणि चेहऱ्यावर एक. खाली देऊळ, फुली, बाण, शाळा, कुठेही रंगाचा टिपूस नाही. आणि आतापर्यंत ती हे सगळं स्वतःच्या हातानं पुसत आली होती. तिला आधी स्वतःचाच राग आला, आणि तो घेऊनच ती सरांच्या खोलीत गेली.

राजशेखर सरांनी नकाशा बघितला. मूर्ख माणूस नव्हता तो. त्यांना लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच शिवलीलाला पुढचं कधी माफ करता आलं नाही.

"हे असं देता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"काय लिहू? देवी काढा? कृष्णामाईमुळे लोक बुडतील? उद्या संस्थेवर दगड येतील, शिवलीला. तुझ्यावर पण येतील."

"मग देवी राहू दे. बाण तिच्या पावलांशी आणा. बायका आधी तिथेच बघतात."

"देवीच्या पायाशी रस्त्याची खूण? आणि देवळावर फुली, तीही पायाशी? अगं, तू कुठल्या जगात राहतेस?" ते उठून बाहेर तिच्या संगणकाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. "हे बघ. बायका नकाशात हव्यात ना तुला? ठेव. फक्त लाल जरा पसरव."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

एका थांब्याचा रंग आजूबाजूला किती पसरायचा, हा एक आकडा असतो आणि तो माणूस ठरवतो. तो लहान ठेवला तर डाग टिकलीएवढा, मोठा केला तर ताटाएवढा. सरांनी आकडा वाढवला. देवीच्या पावलांवरचा लाल डाग फुगला, खाली उतरला, देवळावर चढला, फुलीवरून ओघळून बाणाच्या शेपटीला लागला. आणखी वाढवला. बाण लाल झाला.

"झालं," सर म्हणाले. "ह्यात खोटं काही नाही. प्रमाण वेगळं इतकंच."

"सर, ह्या बाणावर एका बाईची नजर पडलेली नाही."

"नकाशा तसं म्हणत नाही."

"नकाशा म्हणत नाही, तुम्ही म्हणता! पुराचं पाणी पण असंच पसरतं, सर, पण त्याचा आकडा तुमच्या हातात नसतो. बाळाबाई गेली तेव्हा तिच्या नवऱ्याला सांगायचं होतं, प्रमाण वेगळं म्हणून."

"आवाज खाली."

"नाही करत. रस्त्यावर ऐकू जाऊ दे. बायका बाद होत्या तोवर त्या मूर्ख, आणि आता धरल्या तर त्यांच्या नजरा तुम्ही ओढून हव्या तिथे नेऊन चिकटवता. आम्हाला बघायचं कुठे हेसुद्धा तुम्हीच ठरवणार?"

ती बोलत राहिली, सगळं संपेपर्यंत. सर ऐकत राहिले, आणि संपल्यावर म्हणाले, "उद्यापासून दिनदर्शिकेचं काम बघ." अहवाल गेला, तो लाल बाणाचा नकाशा मुखपृष्ठावर घेऊन. फलक कापडावर छापले गेले.

मे महिन्यात शिवलीला एसटीनं बयाबाईच्या गावाला गेली. फलक चावडीच्या भिंतीवर होता, आणि तिला ज्याची भीती होती त्याहून वाईट दृश्य होतं. देवीच्या कपाळाला कुंकू, पायाशी हळद. वर खिळा ठोकून कुणी झेंडूचा हार घातला होता. तो थेट खाली लोंबत होता आणि त्याच्यामागे बाण पूर्ण झाकला गेला होता. खाली नारळ फोडलेला. बायका पाण्याला जाता येता हात जोडत होत्या, डोळे मिटत होत्या, पुढे चालत होत्या.

"बघितलंत, मावशी?" शिवलीला ओरडलीच. "एक देऊळ कमी होतं म्हणून मी दुसरं बांधून दिलं तुम्हाला!"

बयाबाईनं हार उचलून बाजूला धरला. त्याच्या खालचं तिनं पहिल्यांदाच बघितलं. बराच वेळ बघितलं. देऊळ, फुली, बाण, माळावरची शाळा.

"आत्ता कळलं," ती म्हणाली. "कात्री हाय का?"

कात्री आली. तेवढ्यात पारावरून सयाजी उठून आला. सयाजी म्हणजे बयाबाईचा धाकटा दीर, बाळाबाईचा नवरा. "वहिनी, देवीला कात्री लावू नगा. सांगून ठिवतो."

"देवीला कोण लावतंय? देवीच्या खाली कापतीया."

"चित्र फाटलं म्हंजे अपमानच की."

"अपमान?" बयाबाईचा आवाज चढला. "बाळी कुणीकडं पळाली हुती? देवळाकडंच न्हवं? कुणी सांगितलं तिला माळाकडं जा म्हणून? तू सांगितलास? मी सांगितलं? ही भिंत सांगतीया तर तिच्या तोंडावर हार घालून बसलायसा! देवीला आमी देवळात न्हेऊन ठिवतो, तिथं तिची जागा हाय. बाण हितं ऱ्हाऊ दे. आता सरक न्हायतर कात्री धर."

सयाजीनं कात्री धरली नाही, पण तो सरकला. बयाबाईनं देवीच्या पावलांखालून पाण्याच्या रेषेवर सरळ कापलं. वरचा भाग बायकांनी पदरावर घेतला आणि देवळात नेऊन गाभाऱ्याच्या भिंतीला लावला. एकही दगड पडला नाही. भिंतीवर उरला तो उघडा बाण.

दोन दिवसांनी सरांनी शिवलीलाला खोलीत बोलावलं. "फलक कुणी फाडला?"

"मी कापायला लावला. दुसऱ्या गावांतलेही कापणार आहे."

"मग ह्या संस्थेत तुझं काम नाही."

"नाहीच," ती म्हणाली. "खोटा नकाशा काढायला माणूस लागत नाही, आकडा फिरवता आला की झालं." तिनं आपली पिशवी उचलली. यंत्राकडे तिनं वळूनही बघितलं नाही. त्याचा काही दोष नव्हता.

जूनच्या तोंडावर ती आणि बयाबाई गावं घेऊ लागल्या. काही ठिकाणी बायकांनी लगेच ऐकलं. एका गावात मात्र सगळं अडलं. तिथले सरपंच, आकाराम, फलकासमोर आडवे उभे राहिले. "पावणं, देवीला हात लावायचा न्हाय. वरनं कागद आणा."

"वरून पाणी येणार आहे, कागद नाही," शिवलीला म्हणाली.

"मग आल्यावर बघू."

बयाबाई भांडली, शिवलीला भांडली, गाव गोळा झालं, आणि आकाराम हलले नाहीत. बयाबाई संध्याकाळची म्हशीची धार काढायला परत निघाली. "चल गं. हे डोकं न्हवं, दगड हाय."

"तुम्ही जा," शिवलीला म्हणाली. ती भिंतीला टेकून फलकाखाली बसली. रागानं तिचे कान तापले होते.

घागर घेऊन एक बाई आली. फलकासमोर थांबली, हात जोडले, डोळे मिटले. शिवलीला उठून तिच्या अगदी जवळ उभी राहिली. बाईनं डोळे उघडले आणि पाऊल पुढे टाकलं.

"थांबा," शिवलीला म्हणाली. "आता खाली बघा."

"आं?"

"खाली. देवीच्या खाली. काय दिसतंय सांगा."

बाईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग खाली. "देऊळ हाय. फुली मारलीया देवळावर? कुणी मारली गं?"

"मी. आणि तो बाण कुठे जातो?"

"माळाकडं जातोय... शाळंकडं." बाईनं घागर कमरेवर सरळ केली. "तू कोण? देवीची पुजारीण हाईस व्हय?"

"नाही. मी बाणाची."

बाई हसली आणि गेली. मागून आणखी दोघी येत होत्या. पलीकडे आकाराम हाताची घडी घालून बघत होते. शिवलीलानं त्यांच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. दोघींनी हात जोडले, डोळे मिटले, नमस्कार केला, आणि डोळे उघडायच्या आतच ती ओरडली, इतक्या जोरात की पारावरची माणसंसुद्धा भिंतीकडे वळली.

"उघडा डोळे! आता खाली बघा. खाली बघा म्हणते ना!"